इरईचा खडक आणि आपली जबाबदारी

पृथ्वीचे हवामान बदलत आहे, असा विषय निघाला की आपल्यातील एखादी जाणती व्यक्ती हमखास म्हणते, ‘त्यात नवल ते काय? हवामान पूर्वीपासून बदलतच आले आहे. कधी हिमयुगे आली, कधी उष्णता वाढली. माणूस जन्मालाही आला नव्हता तेव्हापासून हे चालू आहे. मग आजच एवढा गहजब कशाला?’ हा युक्तिवाद अडाणीपणाचा नाही. त्याच्या मुळाशी असलेली माहिती खरी आहे. म्हणूनच त्याला केवळ भावनेच्या भरात उत्तर देऊन भागणार नाही. त्यातले खरे किती, आणि त्या खऱ्यावरून काढलेला निष्कर्ष कितपत योग्य, हे शांतपणे तपासून पाहिले पाहिजे.

हा तपास करायला आमच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. १९८२ साली या एका जिल्ह्याचे दोन झाले. एके काळी हा सारा मुलूख चांदा या नावाने ओळखला जात असे. साग, बांबू आणि मोहाच्या या जंगलाखाली पृथ्वीच्या इतिहासाची पाने थरांवर थर अशी रचून ठेवलेली आहेत. खालचा थर जुना, वरचा नवा, हा साधा नियम १६६९ साली निकोलस स्टेनो यांनी मांडला आणि भूविज्ञानाचा पाया घातला. हे स्टेनो पुढे कॅथॉलिक धर्मगुरू व बिशप झाले, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. खडकांची साक्ष ऐकायला श्रद्धावंताने बिचकण्याचे कारण नाही, हे त्यांच्या जीवनावरून आपल्याला कळते.

या साक्षीतील पहिली गोष्टच चकित करणारी आहे. चंद्रपूर म्हटले की आपल्याला उन्हाळा आठवतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही येथे नित्याची बाब. कधी तो ४७ अंशांच्याही पुढे जातो. परंतु याच चांद्याजवळच्या इरई या गावी चुनखडकाची एक अशी फरशी उघडी पडलेली आहे की तिच्यावर समांतर ओरखडे आहेत आणि तिचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आहे. १८७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी ती पाहिली आणि ओळखली. दगडधोंडे पोटात घेऊन सरकणारा प्रचंड बर्फ खालच्या खडकावर असे ओरखडे काढतो. आजही हिमालयातील हिमनद्यांखाली हेच घडते. त्याआधी १८५६ साली ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेले थर पाहून तेथे एके काळी बर्फ असावा, असा तर्क केला होता. उष्ण कटिबंधातील हिंदुस्थानात बर्फ, ही कल्पना त्या काळी अनेकांना पचण्यासारखी नव्हती. इरईच्या खडकाने त्या तर्काला बळकट पुरावा दिला. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर हिमनद्या होत्या, यात आता शंका उरलेली नाही.

पुढे ते बर्फ वितळले. वितळलेल्या पाण्याच्या नद्या वाहू लागल्या, सखल भागात दलदली झाल्या आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वृक्षांची राने वाढली. पाने पडली, खोडे कोसळली, चिखलात गाडली गेली, आणि लक्षावधी वर्षांच्या दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. वर्धा नदीच्या खोऱ्यातील वरोरा, बल्लारपूर, दुर्गापूर येथील कोळसा तो हाच. हवेतील कार्बन झाडांनी घेतला आणि पृथ्वीने तो आपल्या पोटात कुलूपबंद केला.

त्यानंतरच्या थरांत निराळेच जग भेटते. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठी सिरोंचा तालुक्यात कोटा नावाचे गाव आहे. तेथील चुनखडकात प्राचीन माशांचे अवशेष मिळाले आणि त्या गावाचे नाव जगभरच्या भूविज्ञानात ‘कोटा थर’ म्हणून रूढ झाले. याच खोऱ्यात, नदीपलीकडे आजच्या तेलंगणात, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९६० च्या सुमारास एका महाकाय डायनोसॉरची हाडे सापडली. बडे पाय असलेला म्हणून ‘बारापासॉरस’, आणि रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ ‘टागोराय’, असे त्याचे नामकरण झाले. अलीकडे वडधम येथे वनखात्याने जीवाश्म उद्यान राखले आहे. तेथे दगड होऊन पडलेली झाडांची खोडे पाहता येतात. इकडे वरोरा तालुक्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ साली सिद्ध झाले, आणि गवत पृथ्वीवर कधी आले याविषयीची जुनी समजूत बदलली. देव आपल्या सृष्टीची वार्ता कोणत्या वस्तूतून कळवील, हे सांगता येत नाही!

तेव्हा ‘हवामान पूर्वीपासून बदलत आले आहे’ हे म्हणणे आमच्या जिल्ह्यांतील खडकच मान्य करतात. येथे बर्फ होता, दलदल होती, महाकाय प्राण्यांना पोसणारी वने होती. आजच्या परिस्थितीला जगबुडी मानणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. पृथ्वी याहून उष्ण असतानाही जीवसृष्टी नांदत होती. पृथ्वी संपणार नाही. प्रश्न पृथ्वीच्या अस्तित्वाचा नसून तिच्यावर राहणाऱ्यांचा आहे.

आता निष्कर्षाकडे वळू. ‘पूर्वी बदलले, म्हणून आजचेही तसेच’, असे म्हणता येईल काय? एखाद्या मुलाला पूर्वी हिवतापाने ताप आला होता, म्हणून आजचा तापही हिवतापच असेल, असे कोणताही वैद्य म्हणत नाही. प्रत्येक तापाचे कारण शोधावे लागते. इरईला बर्फ होते याचे एक मोठे कारण असे की त्या काळी ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होती. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत ही सर्व तेव्हा एकाच महाखंडाचे भाग होती. १८८५ साली ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडवर्ड सुएस यांनी त्याला ‘गोंडवानालँड’ हे नाव दिले. मध्य भारतातील थरांना आधीच ‘गोंडवाना’ म्हटले जाऊ लागले होते; गोंडांचा देश तो गोंडवन. चांद्याच्या गोंड राजांच्या जमातीचे नाव असे पृथ्वीच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. पुढे तो महाखंड फुटला, आपली भूमी कोट्यवधी वर्षे उत्तरेकडे सरकत राहिली, आणि तिचे हवामान पालटले. खंड आज एका वर्षात काही सेंटिमीटरच सरकतात. गेल्या शे-दीडशे वर्षांतील तापमानवाढीचे खापर त्यांच्यावर फोडता येत नाही.

मग कारण कोणते? ज्वालामुखी म्हणावे, तर साऱ्या ज्वालामुखींतून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो मानवी उद्योगांतून निघणाऱ्या वायूच्या एक टक्काही भरत नाही. सूर्य म्हणावा, तर सूर्यामुळे वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. उष्णता खालीच अडवून धरणारे पांघरूण जाड होत असल्याची ही खूण आहे. कोळसा जाळल्याने हे पांघरूण जाड होईल, असे गणित स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अर्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडले होते.

त्याची साक्ष एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांनी विलक्षण रीतीने जोडली आहे. गोंडवानालँड हे नाव देणाऱ्या एडवर्ड सुएस यांचे नातू हान्स सुएस हेही शास्त्रज्ञ होते. जिवंत झाडात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो. कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या कोळशात तो शिल्लक राहत नाही. १९५५ साली नातवाने दाखवून दिले की अलीकडच्या झाडांच्या लाकडात या प्रकाराचे प्रमाण घटले आहे. कोळशाचा आणि तेलाचा जुना कार्बन हवेत मिसळला आणि झाडांनी तो श्वासातून घेतला, हे त्याचे कारण. आजोबांनी ज्या भूमीच्या नावावरून महाखंडाचे नाव ठेवले, त्या भूमीतून निघणाऱ्या कोळशासारख्याच कोळशाचा धूर नातवाला झाडांच्या कड्यांमध्ये सापडला.

दुसरा मुद्दा वेगाचा. शेवटच्या हिमयुगातून पृथ्वी बाहेर पडली तेव्हा तिचे सरासरी तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी वाढले. पण त्याला हजारो वर्षे लागली. आता दीडशे वर्षांत ते एका अंशाहून अधिक वाढले आहे. अंटार्क्टिकातील बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून आठ लाख वर्षांचा हिशेब मिळतो. त्या साऱ्या काळात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग साधारण १८० ते ३०० यांच्या दरम्यान राहिले. यंत्रयुगापूर्वी ते २८० होते. १९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजमाप सुरू झाले तेव्हा ३१५ होते, आणि आज ४२० च्या पुढे गेले आहेत.

इतक्या झपाट्याने कार्बन हवेत गेला तर काय होते, याचे उदाहरणही भूतकाळात आहे. आणि ते दिलासा देणारे नाही. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हा उसळला. वाटेतील कोळशाचे थर त्याने भाजून काढले आणि त्यांचा वायू हवेत मिसळला. समुद्रातील दहापैकी आठ-नऊ जाती नष्ट झाल्या. आपल्या कोळशाचा जन्मदाता ग्लॉसॉप्टेरिस वृक्षही त्या सुमारास नामशेष झाला, आणि त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षे जगात कोठेही कोळसा तयार झाला नाही. ‘हवामान पूर्वीही बदलले’ असे म्हणणाऱ्याने हे पानही वाचले पाहिजे. हवामान पूर्वी मोठ्या प्रमाणावर बदलू शकले, याचा अर्थ ते निब्बर नाही, थोड्याशा धक्क्यानेही हलते. पायरी सैल आहे असे कळल्यावर कोणी तिच्यावर अधिक जोराने उड्या मारीत नाही.

शिवाय माणसाने शेती केली, गावे वसवली, मंदिरे-चर्चे बांधली, ती सारी गेल्या दहा हजार वर्षांच्या तुलनेने स्थिर हवामानात. या काळात झालेले लहान चढउतारही माणसाला जड गेले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळाचा गाळ तपासला असता, सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी मध्य भारतात पाऊस दीर्घकाळ रोडावल्याचे दिसून आले. पुणे जिल्ह्यातील इनामगावचे उत्खनन करणाऱ्या मधुकर ढवळीकर यांचे मत असे होते की सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हवामान कोरडे होत गेले, आणि तेथील शेतकरी दरिद्री होऊन अखेरीस भटके झाले. आमच्या आलापल्लीचा सागही असाच साक्षीदार आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील सागाच्या वार्षिक कड्या मोजल्या आणि २०११ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीतील ओल आणि झाडाची वाढ यांचे नाते त्या कड्यांत उमटलेले आहे. दुष्काळाचे वर्ष आले की साग ते आपल्या अंगात लिहून ठेवतो.

येथपर्यंत विज्ञान झाले. पण आम्हांला वाटते, मूळ प्रश्न नीतीचा आहे. ‘हे पूर्वीही झाले होते’ हे वाक्य घटनेचे वर्णन करते. ते कोणालाही परवानगी देत नाही. मरण जगात आधीपासून आहे. म्हणून कोणी कोणाचा जीव घेतला तर न्यायाधीश असे म्हणत नाही की माणसे मरतच असतात. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने काइनाला त्याच्या भावाविषयी विचारले. मर्त्य माणूस केव्हातरी मरणारच होता, हे उत्तर काइनाला उपयोगी पडले नसते. इरईच्या बर्फाला कोणी जाब विचारीत नाही, सायबेरियाच्या लाव्ह्याला पापनिवेदन करावे लागत नाही. त्यांना ज्ञान नव्हते, निवड नव्हती. आपल्याला दोन्ही आहेत. खडकांचा अभ्यास करून आपण जितके शहाणे झालो, तितकी आपली सबब कमी झाली.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात ज्वालामुखी, पृथ्वीची कक्षा आणि सूर्य यांचाही हवामानावर परिणाम होतो, हे मोकळेपणाने मान्य केले होते. तरी अलीकडची वाढ बव्हंशी मानवी कृतींमुळे आहे, असे अभ्यासांच्या आधारे सांगितले होते. २०२३ सालच्या ‘लाउदाते देउम’मध्ये त्यांनी आपल्या या जाणत्या मित्राच्याच युक्तिवादाचा परामर्श घेतला आणि आजच्या बदलाच्या असाधारण वेगाकडे लक्ष वेधले. ते २०२५ साली प्रभुचरणी गेले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आपल्यापुढे आहे.

आमच्या जिल्ह्यांत हा प्रश्न पुस्तकी नाही. मोहफुले वेचणारी बाई मार्च-एप्रिलमध्ये पहाटे रानात जाते. तेंदूपाने तोडणारे कुटुंब ऐन मे महिन्यात उन्हात असते. त्यांच्या घरी विजेचा वापर नाममात्र. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला आलेल्या महापुरात सिरोंचा तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. एखादा विशिष्ट पूर केवळ हवामानबदलामुळेच आला, असे म्हणणे घाईचे ठरेल. धरणांची आणि नदीच्या व्यवस्थापनाचीही त्यात भूमिका असते. पण तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते एकदम ओतते, हे भौतिकशास्त्र आहे. ज्यांनी सर्वांत कमी जाळले त्यांनी सर्वांत जास्त सोसावे, यात न्याय कोठे आहे?

तरीही दुसरी बाजू तितकीच आपली आहे. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे, आणि त्याची वीज राज्याच्या जाळ्यातून दूरदूरच्या शहरांत जाते. खाणीत आणि केंद्रात राबणाऱ्यांत आपल्याच धर्मग्रामांतील कुटुंबे आहेत. १९६२ साली चांद्याचे धर्मप्रांतीय कार्यक्षेत्र स्थापन झाले. त्याचे केंद्र असलेले बल्लारपूर हे कोळशाचे आणि कागदाचेच गाव. खाणीतील पगारावर मुले शिकली, आईबापांची औषधे झाली, चर्चच्या दानपेटीतही त्यातलेच पैसे पडले. त्या कामगाराला आज पापी ठरवणे म्हणजे स्वतःचा दिवा विझू न देता समई लावणाऱ्याला दोष देणे होय. जबाबदारी सामर्थ्याच्या आणि उपभोगाच्या प्रमाणात वाटली जाते. वातानुकूलित खोलीतून कोळशावर टीका करणाऱ्याच्या वाट्याला ती अधिक येते.

राष्ट्रांच्या बाबतीतही हेच खरे आहे. १९९२ साली रिओ येथे जगातील देशांनी मान्य केले की जबाबदारी सर्वांची आहे, पण सारखी नाही. आजवर हवेत गेलेल्या कार्बनचा मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. भारताने हे ठणकावून सांगणे न्याय्यच आहे. मात्र गरिबाच्या नावाने मांडलेल्या या युक्तिवादाचा लाभ गरिबालाच मिळतो का, हेही आपण पाहिले पाहिजे. श्रीमंत देशांकडे बोट दाखवून आपल्याच देशातील श्रीमंताने मनसोक्त जाळावे आणि उन्हात मात्र तेंदूवाल्याने उभे राहावे, तर तो न्याय नव्हे.

मग आपण काय करावे? खाणी एका रात्रीत बंद कराव्यात, असे आम्ही म्हणत नाही. पण एक टन कोळसा जळला की सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे ठाऊक असताना, ही खाण कायम चालेल अशा भरवशावर मुलांना वाढवणे हेही त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. वरोऱ्याची जुनी खाण १९०६ साली बंद झाली; प्रत्येक खाणीला शेवट असतो. खाणीनंतर काय, याचा विचार कंपनीने, शासनाने आणि आपल्या शाळा-संस्थांनी आजच करायला हवा. निवृत्त होणाऱ्या पिढीचा सन्मान आणि पुढच्या पिढीला नवे कौशल्य, या दोन्ही गोष्टी एकत्र व्हाव्यात.

जंगल राखण्याच्या बाबतीत आपल्याला दूर जावे लागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ साली बांबू विकण्याचा अधिकारही हाती घेतला. ज्या जमातीच्या नावावरून महाखंडाचे नाव पडले, त्या जमातीच्या ग्रामसभा उभे जंगल सांभाळत आहेत. उभे झाड कार्बन धरून ठेवते. त्यांच्या बाजूने उभे राहणे हे शेजारधर्माचे काम आहे. घरगुती बाबतीत तर सबब सांगायलाच जागा नाही. लग्नसमारंभातील रोषणाई, चर्चच्या सभागृहातील विजेचा वापर, उन्हाळ्यात मजुरांकडून करून घेण्याच्या कामाच्या वेळा, मोहाखालचा पालापाचोळा जाळण्याऐवजी झाडून घेणे, या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. त्यांनी जगाचे तापमान उतरणार नाही. पण ज्याने घरात हिशेब ठेवला, त्यालाच बाहेर हिशेब मागण्याचा अधिकार पोचतो.

आमची आणखी एक सूचना आहे. धर्मशिक्षण वर्गातील मुलांची सहल एकदा वडधमला किंवा आलापल्लीच्या जुन्या सागवनात न्यावी. दगड झालेल्या खोडावर मुलांना हात ठेवू द्यावा आणि सांगावे की या भूमीवर बर्फ होता, दलदल होती, महाकाय प्राणी होते, आणि ते सारे बदल माणसाशिवाय घडले. नंतर हेही सांगावे की या वेळचा बदल आपल्या चुलीतून, कारखान्यातून आणि खाणीतून येतो आहे. मुले त्यावर विचारतील, ‘तुम्हांला हे ठाऊक होते, तर तुम्ही काय केले?’ या प्रश्नाला खरे उत्तर देता यावे, अशी तयारी आपण आजपासून करू या. त्यासाठी प्रभू आपल्याला बुद्धी आणि धैर्य देवो.